साक्षीच्या गाडीचा लाल दिवा

आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरमध्ये दौलतरावांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याचं कारण त्यांची तहसीलमधली तीस वर्षांची कारकुनी मुळीच नाही. कारण आहे लाल पट्टी. अंधारात उजेड पडला की चमकते ती. कापसाची बैलगाडी असो, ट्रॅक्टरची ट्रॉली असो नाहीतर कुणाची खटारा सायकल असो, मागच्या बाजूला लाल पट्टी दिसली नाही की हा गृहस्थ खिशातून गुंडाळी काढणार, दातानं टरकन तोडणार आणि चिकटवून मोकळा होणार. मालकाला विचारायची पद्धत नाही. एकदा तर वरातीत नवरदेवाच्या घोडीच्या शेपटीला पट्टी बांधायला निघाले होते, लोकांनी हाताला धरून बाजूला नेलं. गाव त्यांना मागून ‘दिवेवाले काका’ म्हणतं. म्हणो बापडं.

हसायचं तर हसा, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. दौलतरावांचे थोरले भाऊ अमृतराव जैनथकडे एका शाळेत मास्तर होते. त्यांच्या मोपेडचा मागचा दिवा गेला होता. दौलतराव आदिलाबादला निघाले होते, तर अमृतराव म्हणाले, येताना एक बल्ब घेऊन ये. दौलतरावांनी बल्ब घेतला, शर्टाच्या खिशात ठेवला, आणि तडक भावाकडे जायचं सोडून ऑफिसातल्या मंडळींसोबत चहा पीत बसले. म्हणाले, उद्या देऊ. त्याच दिवशी दिवेलागणीला अमृतराव शाळेतून परत येत होते, आणि मागून आलेल्या लॉरीला मोपेड दिसलीच नाही. दौलतराव धावत दवाखान्यात पोचले तेव्हा बल्ब त्यांच्या खिशातच होता, कागदात गुंडाळलेला. याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मागे लाल दिवा पेटलेला पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. बल्बाची गोष्ट मात्र त्यांनी घरात कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही.

अशा माणसाची एकुलती एक लेक साक्षी. तिला उटनूरला आदिवासी कल्याणाच्या एका ऑफिसात नोकरी लागली. तीन महिने ती बसनं गेली. बस कधी यायची, कधी यायचीच नाही, आणि आली तर दारात लोंबकळायलाही जागा नसायची. शेवटी एक दिवस जेवताना ती म्हणाली, “बाबा, तुमची गाडी मी नेणार.”

दौलतरावांचा घास हातातच राहिला. पण पोरगी त्यांच्याच वळणावर गेलेली, एकदा म्हणाली की म्हणाली. मग त्यांनी महिनाभर शाळेच्या मैदानावर तिच्याकडून मोटरसायकल घोटून घेतली आणि तीन कलमं पाठ करवली. डोक्यावर हेल्मेट. काटा तीसच्या वर जाणार नाही. आणि गाडीवर असताना फोन वाजला तर वाजू द्यायचा, खुद्द कलेक्टर असला तरी उचलायचा नाही. साक्षी हसायची, पण पाळायची.

सोमवारी पहिल्यांदा गाडीनं जायचं ठरलं आणि शुक्रवारी नेमकी माशी शिंकली. कापडदुकानाच्या काचेसमोर गाडी थांबवताना साक्षीच्या लक्षात आलं की पायाचा ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा लागत नाही. दौलतराव त्याच पावली गाडी घेऊन फकिरा मेकॅनिककडे गेले. फकिरा उकिडवा बसला, उजव्या पायाच्या ब्रेकजवळचं बोटाएवढं यंत्र त्यानं हलवून पाहिलं. त्याची स्प्रिंग ब्रेकला अडकवलेली असते. ब्रेक दाबला की स्प्रिंग ओढली जाते आणि मागे दिवा लागतो. त्यानं त्या यंत्राच्या दोन तारा काढल्या आणि एकमेकींना टेकवल्या. मागे लख्ख लाल दिवा लागला.

“पाहा काका, बल्ब चांगला हाये, तार चांगले हायेत. स्विच मेला. आदिलाबादहून मागवतो, सोमवारी बसवून देतो.”

“सोमवारी साडेसातलेच तर निंगते ते.”

“मंग एक दिवस उशिरा जाईन.”

एक दिवस उशिरा जायला साक्षी काही तयार नव्हती. सोमवारी ऑफिसात मोठी बैठक होती. दौलतरावांचा शनिवार तगमगीत गेला. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आडवं होता होता त्यांना फकिराचे हात आठवले. दोन तारा टेकवल्या की दिवा लागतो. मग अडलंय काय? ते उठले, चाकूनं स्विचच्या तारा कापल्या, दोन्ही टोकं एकमेकांत पिळली आणि वरून काळी टेप गुंडाळली. चावी फिरवली. बायकोला, द्वारकाबाईंना, गाडीच्या मागे उभं केलं होतं.

“लागला का?”

“लागला,” द्वारकाबाई म्हणाल्या. मग जरा वाकून पाहिलं. “पन तुमी ब्रेक तं दाबलाच नाई.”

“दाबायची गरजच नाई आता. कायमचा लागला. चावी फिरवली का लाल.”

“असं राह्यते का पन?”

“अवं, चांगलंच हाये ना. मागच्याले सारखी दिसत राहीन पोरगी.”

द्वारकाबाई ‘हं’ म्हणाल्या आणि वाळत घातलेले पापड पाहायला गेल्या. संध्याकाळी साक्षीनं विचारलं, “बाबा, स्विच बसवला?” दौलतराव म्हणाले, “झालं काम.” म्हटलं तर ते खोटं नव्हतं, आणि म्हटलं तर होतं. त्यांनी त्यावर फार विचार केला नाही.

सोमवारी सकाळी धुकं होतं. पौष महिन्यात इकडे पडतं तसं, वीस पावलांवरचं माणूस पुसट करणारं. साक्षीनं हेल्मेट चढवलं, डबा पिशवीत घातला, आईच्या पाया पडली आणि निघाली. दौलतराव रस्त्यावर उभे होते. धुक्यात पोरगी दिसेनाशी झाली, गाडी दिसेनाशी झाली, पण लाल ठिपका दिसत होता. लांबपर्यंत दिसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा आपलं कुणी रस्त्याला लागलं आणि दौलतरावांचा जीव भांड्यात पडला. ते चक्क शीळ घालत चौकाकडे निघाले, फकिराला सांगायला की बाबा, तुझा स्विच परत पाठव.

फकिराचं दुकान चौकाच्या पलीकडे, आदिलाबादच्या अंगाला. तो एरवी आठच्या आधी शटर उचलत नाही, पण आज उघडून बसला होता. समोर स्विचची पुडी.

“या काका. साक्षीसाठी लवकर उघडलं आज. कुठं हाये गाडी?”

“गेली ते. तुझा स्विच ठेव तुह्यापाशी. मी केलं काम.”

“तुमी? स्विच कुठून आणला?”

“स्विच कायले पायजे? तूच दाखवलं ना परवा. दोन तार जोडून टाकले. असा कडक लाल लागते का विचारू नको. कदी इझतच नाई.”

फकिरा हसला. फडक्यानं हात पुसत होता, पुसता पुसता थांबला. हसू तोंडावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“काका, मंग पोरीनं ब्रेक मारला हे मागच्याले कसं समजन?”

“समजन म्हणजे? दिवा लागलेलाच हाये ना.”

“तेच तं म्हणून राह्यलो. लागलेलाच हाये. मागचा डायवर पाह्यते, लाल. पाच मिनिटानं पाह्यते, लाल. त्याले वाटते हा असाच राह्यते. आन् पोरीनं खरंच ब्रेक दाबला, तई बी तेवढाच लाल. अजिबात दिवा नसता तं मागचा जरा दूर राह्यला असता. हा दिवा तं खोटं बोलते, काका.”

दौलतराव उभेच राहिले. फकिराचं बोलणं डोक्यात उतरायला जरा वेळ लागला, आणि उतरलं तेव्हा त्यांनी शटरचा खांब धरला. त्यांना लांबवर जाणारा तो ठिपका दिसला. मघाशी तो पाहून आपण शीळ घालत होतो, याची त्यांना शरम वाटली. समोरून हायवेवर कापसाच्या लॉऱ्या एकामागे एक जात होत्या. उटनूरच्या रस्त्यालाही आता अशाच लागणार. धुकं, वळणं, वस्त्यावस्त्यांवरचे गतिरोधक, आणि प्रत्येक गतिरोधकाला ती ब्रेक मारणार. त्यांनीच शिकवलं होतं, गतिरोधकाला पार पायी चालल्याच्या वेगावर गाडी आणायची म्हणून.

त्यांनी फोन काढला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावायला गेले तेव्हा फकिरानं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“नका करू. तुमीच सांगतलं ना तिले, उचलायचा नाई. उचलणार नाई ते. पन फोन वाजला का ध्यान जाते माणसाचं.”

म्हणजे हेही गेलं. दौलतरावांना रडू यायचं बाकी होतं.

“मंग काय करू रे?”

फकिरा आत वळला. त्यानं दोन पाने, पकड, टेपची गुंडाळी पिशवीत टाकली, स्विचची पुडी दौलतरावांच्या हातात दिली, शटर अर्धं ओढलं आणि आपल्या गाडीला किक मारली. “बसा. तीसच्या वर जात नाई ना ते? मंग गाठू.”

दौलतरावांनी पुडी शर्टाच्या खिशात ठेवली. ठेवली आणि हात तिथेच थबकला. बल्बाचा तोच डावा खिसा होता. त्यांनी पुडी झटकन काढून मुठीत धरली आणि फकिराच्या मागे बसले.

फकिरानं पन्नासच्या खाली काटा येऊ दिला नाही. अंगात स्वेटर असून दौलतराव कुडकुडत होते. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशी धुक्यात उभी होती. समोरून दिवे यायचे, लॉरी व्हायची, धडधडत निघून जायची. प्रत्येक लॉरीच्या तोंडाकडे ते पाहत होते, कुठे काही लागलेलं तर नाही ना. असं पाहणं किती अभद्र आहे हे त्यांना कळत होतं, पण नजर हटत नव्हती.

वाटेत एका टपरीपाशी चार-पाच माणसं रस्त्याच्या कडेला वाकून काहीतरी पाहत होती. दौलतरावांनी फकिराच्या खांद्यावर थाप मारली. “थांब, थांब रे,” ते म्हणाले आणि गाडी थांबायच्या आत उतरले. मालवाहू रिक्षाचं चाक पंक्चर झालं होतं, दुसरं काही नाही. रिक्षावाला तेलुगूत चाकाला शिव्या देत होता.

“इधर से एक लडकी गई क्या? काली गाडी पे?” दौलतरावांनी टपरीवाल्याला विचारलं.

टपरीवाला मराठीच निघाला. “गेली ना. दहा मिनिटं झाले असन. हळूहळू चालली होती बिचारी. मागं एक जीप लागली होती, हारनवर हारन देऊन राह्यली होती.”

“मागं? चिपकून?”

“आता जीपवाले कसे राह्यते, मालूम नाई का तुमाले.”

दौलतराव पुन्हा बसले. रस्त्याचा प्रत्येक धक्का आता त्यांच्या हातांना बसत होता, इतकं घट्ट त्यांनी त्याचं जर्किन धरलं होतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला आणि त्यांनी तो घाईघाईनं काढला. पाहिलं तर द्वारकाबाई.

“अवो, कुठं गेले तुमी? चहा थंडा झाला. पोचली असन का ते?”

“पोचन,” दौलतराव म्हणाले.

“वाऱ्याचा आवाज येऊन राह्यला. गाडीवर हाये का तुमी?”

“फकिरासंगं हाये. जरा काम हाये. ठेवतो.”

त्यांनी फोन ठेवला. दोन दिवसांत बायकोला आणि लेकीला मिळून दोनदा आपण अर्धंमुर्धं बोललो. आता पोरगी हाती लागली नाही तर या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तू विचारलं होतंस, असं राहतं का म्हणून, आणि मी तुला पापडाकडे जाऊ दिलं?

इंद्रवेल्ली गेलं. पुढे शेतं सरली आणि सागाची झाडं लागली. धुकं इथे जास्तच दाट होतं, जमिनीला चिकटून बसलेलं. एक वळण घेतलं आणि फकिरा म्हणाला, “थो पाहा.”

लाल ठिपका.

दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तेच हाये,” ते म्हणाले. “तेच हाये, फकिरा. जीपबीप नाई मागं. निंगून गेली असन पुढं.” त्यांना हसू येत होतं. बावीस वर्षांची सवय ती, लाल दिवा दिसला की मन निवायचंच. “हारन दे.”

“नको. दचकन. जवळ जातो, बाजूनं घेतो, मंग हात करा तुमी.”

फकिरानं वेग थोडा वाढवला. ठिपक्याचा दिवा झाला, दिव्यामागे पाठ दिसली, पाठीवरची निळी पिशवी दिसली. साक्षी एका चालीत चालली होती. दिवा तसाच, स्थिर. वीस पावलं, पंधरा पावलं. दौलतराव हात वर करायच्या तयारीत. पुढे डाव्या हाताला गोंडांची वस्ती होती आणि वस्तीतून शेळ्यांचा कळप रस्त्यावर येत होता. त्या दोघांनाही तो दिसला नाही. साक्षीला दिसला.

दिव्यानं काहीच सांगितलं नाही. तो तसाच लाल होता, मघासारखा, अगदी मघासारखा. फक्त पाठ एकदम मोठी झाली, पिशवीवरची शिलाई दिसायला लागली, आणि दौलतरावांना कळलं की ती थांबली आहे आणि आपण थांबलेलो नाही.

“फकिरा,” एवढंच ते म्हणाले.

फकिरानं हँडल वळवलं. गाडी साक्षीच्या आरशाला चाटून डावीकडे गेली, डांबरावरून खाली उतरली, गवतातून घसरत दहा-पंधरा हात गेली आणि आडवी झाली. दौलतराव एका बाजूला, फकिरा दुसऱ्या बाजूला. शेळ्या ओरडत पळाल्या. मग सगळं शांत झालं आणि फकिराच्या गाडीचं चाक हवेत टकटक करत फिरत राहिलं.

दौलतरावांचा गुडघा फुटला होता, पँट टरकली होती. दुखत होतं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते पडल्या पडल्या रस्त्याकडे पाहत होते. साक्षी गाडी स्टँडला लावून धावत येत होती. दोन्ही पायांवर, धडधाकट. हेल्मेटची काच वर केलेली.

“लागलं का काका तुमाले? बाबा? बाबा, तुमी?”

ती खाली बसली. बापाच्या गुडघ्याला ओढणी लावली. फकिरा उठून कपडे झटकत होता, त्याच्या कोपराला खरचटलं होतं.

“इतके जवळ कायले आले होते तुमी?” साक्षी म्हणाली. आता भीती उतरून राग चढायला लागला होता. “माह्या मागचा लाल दिवा नाई दिसला का? मी तं पुरा ब्रेक दाबला होता. फकिराकाका, तुमी तं रोज गाड्या करता.”

फकिरानं दौलतरावांकडे पाहिलं. तो आपली गाडी उभी करायला गेला. साक्षी त्याच्या पाठोपाठ. “शुक्रवारी दिली ना तुमाले गाडी? काय बसवलं मंग? स्विच बसवला का नाई?” मग आपल्या गाडीपाशी जाऊन तिनं चावी फिरवून पाहिली, मागे वाकली. ब्रेकला हातसुद्धा न लावता दिवा लाल. ती सरळ झाली. “हे काय हाये? हे तं तार जोडून ठेवले. जुगाड करून दिलं तुमी आमाले? माह्या बाबानं भरोशानं सोपवली होती गाडी.”

फकिरा तरीही बोलला नाही. कोपरावरचं रक्त फडक्यानं पुसत राहिला. तो बोलणारही नव्हता, हे दौलतरावांना कळलं. गावातला माणूस, रोजचं तोंड, दौलतरावांचा मान. शिव्या खाल्ल्या असत्या आणि गिळल्या असत्या. आणि दौलतरावांच्या मनाला तो मोह चाटून गेला, खोटं कशाला सांगा. एक क्षण वाटलं, राहू द्यावं. मग हातातली पुडी हाताला टोचली. एवढं पडून झडून ती मुठीतून सुटली नव्हती.

“त्यानं नाई,” ते म्हणाले. “मी जोडले.”

साक्षी वळली.

“काल दुपारी. तुले सांगतलं का काम झालं. स्विच हा पाहा, आत्ता माह्या हातात हाये. मले वाटलं, दिवा इझलाच नाई तं बरं. सारखी दिसत राह्यशीन तू.” त्यांचा आवाज फुटला, पण आता थांबायचं नव्हतं. “तुह्या मोठ्या बाबाचा बल्ब माह्या खिशात होता. थो गेला त्या दिवशी. त्याच्यासाठीच आणला होता, मी दिला नाई. चहा पीत बसलो. कोणाले नाई सांगतलं मी. तुह्या आईले बी नाई.”

रस्त्यावरून एक लॉरी गेली, धुकं जरा हललं. साक्षी बापाशेजारी येऊन बसली, गवतातच, ऑफिसच्या कपड्यांत.

“राहू द्या, बाबा,” ती म्हणाली. “तुमी गाडी घरी न्या. मी इथून बसनं जातो. रोजच बसनं जात जाईन. तुमाले इतका त्रास होते तं नाई पायजे मले गाडी.”

महिनाभर दौलतराव मनातल्या मनात हेच मागत होते. आता ते आयतं पदरात पडत होतं, आणि वर लेकीनं रागही धरला नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हेल्मेटनं केस चपटे झाले होते, नाक थंडीनं लाल झालं होतं. मघाशी शेळ्या आल्या तेव्हा या पोरीनं गाडी बरोबर थांबवली होती. घाबरली नव्हती, डगमगली नव्हती. चुकले होते ते मागचे दोघं.

“नाई,” ते म्हणाले आणि लंगडत उठले. “फकिरा, पाना दे.”

फकिरा पुढे झाला. “मी बसवतो ना, काका.”

“मी जोडले, मीच सोडतो. तू सांगत जाय.”

मग फकिरा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून सांगत गेला आणि दौलतराव करत गेले. काळी टेप सोलली. पिळलेली टोकं सोडवली. काल इतकी कसून पिळली होती की नखं दुखली. जुना स्विच काढून खिशात टाकला. नवा बसवला, त्याची स्प्रिंग ब्रेकच्या दांडीला अडकवायची होती, ती दोनदा सटकली, तिसऱ्यांदा बसली. दोन तारा दोन तारांना, वेगवेगळ्या. वेगवेगळी टेप. काम नीट झालं.

“आता बसा मागं,” फकिरा म्हणाला. “साक्षी, तू शीटवर बस. मी म्हणतो तई दाब.”

दौलतराव गाडीच्या मागे उकिडवे बसले, गुडघा ठणकत असताना. चावी फिरली. मागचा नेहमी लागणारा बारका दिवा मिणमिणला, तेवढाच.

“दाब.”

लख्ख लाल. “लागला,” दौलतराव म्हणाले.

“सोड.”

“इझला.”

“उशिरा लागून राह्यला,” फकिरा म्हणाला, तसे दौलतराव पुन्हा स्विचपाशी सरकले. “ब्रेक पकडायच्या जरा आदी लागला पायजे. स्विच फिरवू नका, तार तुटन. स्विच धरून ठेवा आन् नट फिरवा. बस, बस. दाब, साक्षी. नुसतं पाय ठेवल्यासारखं.”

“लागला.”

“सोड.”

“इझला.”

असं दहा-बारा वेळा झालं. फकिराला तीन वेळांतच पटलं होतं. पण दौलतराव ‘अजून एकदा’ म्हणत राहिले, आणि कुणी त्यांना अडवलं नाही. दर वेळी दिवा जायचा, आणि दर वेळी ते तोंडानं सांगायचे की गेला. शेवटी साक्षीच मागे वळून म्हणाली, “बाबा, बैठक हाये माही.”

“निंग.”

तिनं काच खाली केली. आरशात पाहिलं, हात केला आणि निघाली. समोर रस्ता सरळ होता, मग उतार, मग उजवीकडे वळण. धुकं आता विरळ होत चाललं होतं. दौलतराव रस्त्याच्या मधोमध उभे राहून पाहत होते. फकिरानं त्यांना बाहीला धरून कडेला ओढलं.

पोरगी लांब गेली. मागचा बारका दिवा धुक्यात मिसळला, दिसेना. आता काहीच दिसत नव्हतं. बावीस वर्षं ज्याला ते भीत आले होते ते हेच होतं, आपलं माणूस रस्त्यावर आणि मागे उजेड नाही. त्यांनी फकिराचा हात धरला.

वळणापाशी लाल दिवा लागला. एवढ्या लांबूनही ठळक. ती वळणाला वेग कमी करत होती, शिकवल्याप्रमाणे.

“लागला,” फकिरा म्हणाला. “चाला आता, काका.”

“थांब,” दौलतराव म्हणाले.

ते थांबले. वळणाच्या मध्यावर दिवा गेला. गाडीचा आवाज पुढे जात राहिला, गिअर बदलल्याचा आवाज आला, मग तोही झाडांमागे गेला.

“इझला,” दौलतराव म्हणाले, आणि फकिराच्या मागे बसले.